मधमाशी आणि गांधीलमाशी : मुलांना ओळख कशी करून द्यावी

न्हावा-शेवा, जासई, चिरनेर या बाजूच्या गावांत ओटीच्या पाख्याखाली, परसाच्या कुंपणावर अथवा आंब्याच्या फांदीवर एखादे पोळे दिसले की त्याची वाट बहुधा एकाच प्रकारे लावली जाते. काठीच्या टोकास चिंध्या बांधावयाच्या, त्या तेलात बुडवावयाच्या आणि अंधार पडल्यावर पेटवून पोळ्याखाली धरावयाच्या. पोळे मधमाश्यांचे आहे की गांधीलमाश्यांचे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ‘माशी चावते’ एवढे कारण पुरेसे मानले जाते. पुढे त्याच परसातील काकडी वाकडी धरते, कारल्याच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात, आणि दोष मात्र बियाण्यास दिला जातो.

ही रीत बदलावयाची तर प्रारंभ मुलांपासून केला पाहिजे. पोळे प्रथम दिसते ते मुलांना, त्यावर पहिला दगड मारतात तीही मुलेच, आणि डंखही प्रथम त्यांनाच बसतात. पाच-सात वर्षांच्या मुलास एकाच वेळी पुष्कळ डंख बसणे हे जिवावर बेतणारे असते. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी शाळेत, वाडीवर अथवा शेताच्या बांधावर मुलांना हा विषय समजावून द्यावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे. वडील माणसांनीही ती वाचावी. कारण ‘मधमाशी कोणती व गांधीलमाशी कोणती’ असे विचारल्यास पुष्कळ मोठी माणसेही अडखळतात.

प्रथम नाते सांगावे. मुलांना नात्यागोत्यातून गोष्ट लवकर समजते. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या एकाच मोठ्या कुळातल्या आहेत. फार पूर्वी, म्हणजे सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी, शिकार करून आपल्या पिलांस किडे भरविणाऱ्या काही गांधीलमाश्यांच्या वंशात किड्यांऐवजी फुलांतील पराग भरविण्याची पद्धत पडली. त्या वंशातून आजच्या मधमाश्या निपजल्या. दोघींत जे जे भेद आज दिसतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत आहे की एकीचे घर परागावर चालते आणि दुसरीचे शिकारीवर. हे सूत्र ध्यानात राहिले म्हणजे बाकीचे पाठ करावे लागत नाही.

परागावर घर चालवावयाचे म्हणजे तो पीठासारखा बारीक पराग अंगावर धरून आणता आला पाहिजे. म्हणून मधमाशीच्या अंगावर दाट लव असते. भिंगातून पाहिल्यास या लवेतील केसांना झाडाच्या डहाळीप्रमाणे फाटे फुटलेले दिसतात व त्यांत पराग अडकतो. तिचे मागचे पाय रुंद व चपटे असून बाहेरच्या बाजूस खोलगट जागा असते. अंगावरचा पराग झाडून, त्यात थोडा मध कालवून ती त्याची गोळी करते व या जागेत बसविते. भोपळ्याच्या फुलातून बाहेर पडणाऱ्या मधमाशीच्या दोन्ही पायांवर पिवळ्या गोळ्या लटकलेल्या दिसतात त्या ह्याच. अशी गोळी असलेली माशी गांधीलमाशी असू शकत नाही.

गांधीलमाशीस पराग वाहावयाचा नसतो. तिचे अंग गुळगुळीत व तकतकीत, पाय लांब व काटकुळे, आणि कंबर सुतासारखी बारीक असते. पुष्कळ जातींचे पाय उडताना खाली लोंबतात. ही खूण लांबूनही दिसते, म्हणून मुलांना ती प्रथम शिकवावी. जवळ जाऊन लव आहे की नाही हे पाहण्याचा उद्योग त्यांनी करू नये. येथे एका फसवणुकीची सूचना देणे आवश्यक आहे. फुलांवर स्थिर तरंगत राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक साधी माशी मधमाशीचे सोंग घेऊन हिंडते. तिला दोनच पंख असतात व नांगी मुळीच नसते. मधमाशी व गांधीलमाशी या दोघींनाही चार पंख असतात.

परसबागेत बांबूच्या मांडवास अथवा घराच्या वाशास गोल भोक पाडून राहणारा, मोठा काळा, निळसर झाक असलेल्या पंखांचा भुंगा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यास मुले गांधीलमाशीचा राजा समजतात. वस्तुतः तो मधमाशीच्याच गोतावळ्यातला असून एकटा राहतो, पराग वाहतो आणि परसातल्या वेलींच्या मोठ्या फुलांना उपयोगी पडतो. त्यातील नरास नांगीच नसते.

घरे कशी बांधतात

मधमाशी आपल्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेण काढते व त्याचे षट्कोनी कोठे बांधते. पोळे उभे टांगलेले असते आणि कोठ्यांची तोंडे दोन्ही बाजूंस असतात. काही कोठ्यांत पिले, काहींत पराग, काहींत मध. फुले नसतील त्या दिवसांची ही बेगमी होय. मध साठविण्याची ही रीत नसती तर माणसाने मधमाशीकडे इतके लक्ष दिलेच नसते.

गांधीलमाशीस मेण येत नाही. वाळलेले लाकूड, जुने कुंपण, सुकलेली काटकी जबड्याने खरवडून, लाळेत भिजवून ती लगदा करते व त्याचे पातळ थर देऊन घर उभारते. म्हणजे ती कागद तयार करते, असे मुलांस सांगावे. राखाडी रंगाचे, एका देठावर उलट्या छत्रीसारखे टांगलेले, खाली तोंड असलेल्या उघड्या कोठ्यांचे पोळे पडवीत दिसले तर ते कागदी गांधीलमाशीचे समजावे. मोठ्या गांधीलमाश्यांच्या काही जाती झाडावर भोपळ्याएवढे बंद पोळे करतात, काही झाडाच्या ढोलीत अथवा जमिनीतील बिळात राहतात. या पोळ्यांत मध मिळावयाचा नाही. मधाच्या आशेने असे पोळे खाली पाडणाऱ्या मुलांचे हाल काय होतात, हे निराळे सांगावयास नको.

आपल्या दक्षिण भारतात घरोघरी आढळणाऱ्या एका लहान, तांबूस कागदी गांधीलमाशीवर बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके संशोधन केले आहे. या माश्यांची राणी रूपाने कामकऱ्यांहून वेगळी ओळखू येत नाही. राणी दूर केली की थोड्याच वेळात कामकऱ्यांतील एक माशी पुढे होते व तिची जागा घेते. ज्या पोळ्यास आपण पडवीतली पीडा म्हणतो, त्याकडे जगातील शास्त्रज्ञ या दृष्टीने पाहतात.

तिसरी तऱ्हा मातीच्या घराची. कुंभारीण नावाने ओळखली जाणारी गांधीलमाशी ओली माती आणून भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, कधी टांगलेल्या सदऱ्याच्या घडीतही लहान मडके अथवा नळ्या करते. ती एकटी असते व माणसावर सहसा धावून येत नाही. तिच्याविषयी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. ती अळीला घरात कोंडून तिच्यापुढे गुणगुणत राहते आणि भयाने तिचेच ध्यान करता करता अळी कुंभारीण होऊन बाहेर पडते, अशी ही समजूत. जुन्या मराठीत या माशीला भिंगुरटी म्हणत, आणि भक्त देवाचे चिंतन करता करता देवरूप होतो हे सांगण्यासाठी हा दृष्टान्त पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. दृष्टान्त म्हणून तो गोड आहे व त्यास कोणी हात लावू नये. परंतु मडक्यात प्रत्यक्षात घडते ते निराळे. माशी अळ्यांना डंख मारून त्यांची हालचाल बंद पाडते, पण त्यांस मारीत नाही. कारण मेलेली अळी कुजेल. मग मडक्यात आपले अंडे घालते व तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले पिलू त्या ताज्या अळ्या खाऊन वाढते व पुढे मडके फोडून बाहेर येते. काही जाती अळ्यांऐवजी कोळी भरतात. रिकामे झालेले जुने मडके हलकेच फोडून आतील अवशेष मुलांस दाखविल्यास विषय चांगला ठसतो.

नांगी आणि डंख

डंख मारते ती माशी नेहमी मादीच असते. कामकरी मधमाशीच्या नांगीस मागे वळलेले दाते असतात. माणसाच्या कातडीत नांगी शिरली की ती परत निघत नाही. विषाच्या पिशवीसह तुटून मागे राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी तशी अडकत नाही, म्हणून ती एकामागून एक डंख मारू शकते. तेव्हा डंखाच्या जागी काटा राहिला असेल तर मधमाशी, नसेल तर बहुधा गांधीलमाशी, असा निवाडा करता येतो.

मागे राहिलेली पिशवी काही वेळ आकुंचन पावून विष आत ढकलीत असते. म्हणून काटा ताबडतोब काढावा. तो नखाने खरवडावा की चिमटीने ओढावा, याचा वाद घालीत बसू नये. किती लवकर निघाला यास महत्त्व आहे. आणखी असे की डंखाबरोबर मधमाशी एक वास सोडते. तो पिकलेल्या केळ्याच्या वासासारखा असतो आणि इतर माश्यांस तो धोक्याची हाक असतो. एक डंख बसल्यावर तेथेच उभे राहून हात झटकणाऱ्याला दहा डंख बसतात, त्याचे हे एक कारण. तेथून दूर निघून जावे.

नंतर जागा साबणाने धुवून गार पाण्याची पट्टी ठेवावी. चुना, तंबाखू, माती असे लेप देण्याची चाल आहे. विष कातडीच्या आत गेलेले असते, वरून लावलेला चुना तेथे पोहोचत नाही; मातीने मात्र जखम दूषित होऊ शकते. ओठ अथवा डोळ्यांभोवतीचा भाग सुजणे, सर्वांगावर गांधी उठणे, उलटी होणे, घरघर लागणे, चक्कर येणे यांपैकी काही दिसल्यास डंख एकच असला तरी रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पुष्कळ डंख बसलेल्या मुलास बरे वाटत असले तरी दाखवून आणावे, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडावर मागाहून होऊ शकतो.

आपल्या भागातील मधमाश्या

सर्व मधमाश्या सारख्याच तापट असतात असे नाही. आग्या मधमाशी आकाराने सर्वांत मोठी. उंच झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली अथवा पुलाच्या बगलेत तिचे एकच विस्तीर्ण पोळे उघड्यावर लोंबते. ती ऋतूप्रमाणे जागा बदलते व चिडली तर थव्याने पाठलाग करते. आग्या मोहोळापासून मुलांस दूरच ठेवावे. हल्ला झालाच तर डोके व तोंड झाकून धावत जाऊन बंद खोलीत शिरावे; तळ्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालीत थांबतात.

सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, काळोखात अनेक समांतर पोळी बांधते. तिला पेटीत पाळता येते, म्हणून शेतकऱ्यास तिचा सर्वांत अधिक उपयोग. फुलोरी माशी लहान असून झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे करते. पोयाच्या माश्या त्याहूनही चिमुकल्या. त्यांस डंख मारता येतच नाही. उन्हाळ्यात खाडीकाठची तिवरे फुलली म्हणजे त्या बारीक पिवळट फुलांवर मधमाश्यांची रीघ लागते. तिवराच्या जंगलाचा विचार आपण लाटा अडविणारी भिंत व मासळीचे पाळणाघर म्हणून करतो. तो मधमाश्यांचा चाराही आहे, हे ध्यानात असावे.

मधमाशी व गांधीलमाशी यांचे वैर मुलांना फार आवडते. मोठी गांधीलमाशी मधमाश्यांना पकडून आपल्या पिलांस भरविते. आग्या माश्यांच्या पोळ्याजवळ ती आली की पोळ्यावरील शेकडो माश्या क्रमाने पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. शिकारी त्याने बिचकतो. सातेरीची युक्ती त्याहून नवलाची. अनेक कामकरी माश्या गांधीलमाशीला चेंडूसारखे गुरफटून घेतात व पंखांचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. जपानमधील संशोधकांनी मोजले तेव्हा अशा चेंडूच्या आत सुमारे ४६ अंश सेल्सिअस उष्णता आढळली. तेवढ्याने गांधीलमाशी मरते. सातेरीस त्याहून दोनतीन अंश अधिक सोसतात.

या वैराचा संबंध आपल्या बंदराशीही पोहोचतो. २००४ साली फ्रान्समध्ये आशियातील पिवळ्या पायांची गांधीलमाशी प्रथम आढळली. चीनमधून जहाजाने आलेल्या मातीच्या भांड्यांच्या मालातून ती आली असावी असे मानले जाते. तेथील पाळीव मधमाश्यांना असा चेंडू करण्याची सवय नव्हती. ही गांधीलमाशी पुढे युरोपातील अनेक देशांत पसरली व मधपाळांचे मोठे नुकसान झाले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले आणि आज देशातील कंटेनर वाहतुकीचा फार मोठा भाग तेथून जातो. कंटेनरमध्ये अथवा लाकडी खोक्यांत अनोळखी माश्यांचे पोळे आढळल्यास आपल्या गावातील कामगारांनी ते परस्पर जाळून न टाकता बंदरावरील वनस्पती संगरोध केंद्राच्या अधिकाऱ्यांना कळवावे. कंटेनरवर मधमाश्यांचा नुसता घोळका लटकलेला असेल, पोळे नसेल, तर तो वाटसरूंचा मुक्काम समजावा. त्यास डिवचले नाही तर तो एकदोन दिवसांत उठून जातो.

शेतीच्या दृष्टीने

भातास मधमाशीची गरज नाही. ते स्वतःच्याच परागावर पिकते. म्हणून खारभूमीत केवळ भात घेणाऱ्या आपल्या वाडवडिलांना या माश्यांची उणीव भासली नसेल. आता जमिनीचे मान बदलले आहे. बंदर, रस्ते व वसाहती यांत पुष्कळ खाचरे गेली, आणि उरल्या जागेत वेलभाज्या, नारळ, आंबा यांवर भर आहे. काकडी व कारले यांत नर फूल व मादी फूल निरनिराळे असते. एकातील पराग दुसऱ्यावर नेणारा कोणी नसेल तर फळ धरत नाही, आणि पराग अपुरा पडल्यास काकडी एका टोकास बारीक व वाकडी होते. अलिबागकडील शेतकरी पांढऱ्या कांद्याचे बी धरतात, त्यासही माश्यांवाचून चालत नाही. ही फुले सकाळी उमलतात व माश्याही सकाळीच येतात. तेव्हा पीक फुलावर असताना कीटकनाशक शक्यतो वापरूच नये. निरुपाय झाल्यास सूर्यास्ताच्या सुमारास फवारावे आणि त्यातल्या त्यात माश्यांस कमी घातक असे औषध कृषी कार्यालयात विचारून घ्यावे.

मग गांधीलमाशीचे काय? तिला केवळ शत्रू ठरविणे हा हिशेबातला दोष होईल. कागदी गांधीलमाशी दिवसभर अळ्या वेचून नेत असते. कोबीवरील अथवा भेंडीवरील अळी तिने नेली तर फवारणीचा खर्च वाचला. याहून महत्त्वाच्या म्हणजे डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या. त्या माणसाला डंख मारीत नाहीत. भातावरील खोडकिड्याच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची माशी आपली अंडी घालते व किडीची अंडी आतून खाल्ली जातात. ट्रायकोकार्ड म्हणून जे कागद आपण शेतात टाचतो, त्यांवर हीच माशी वाढलेली असते. नारळाची पाने खाणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीवर गोनिओझस नावाची गांधीलमाशी अंडी घालून पिले मोठी होईपर्यंत राखण करीत बसते. २००८ साली कोइमतूर येथे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आढळला व लवकरच तो महाराष्ट्रातही पोहोचला. औषधांनी तो आटोपेना. २०१० साली प्युर्टो रिको बेटावरून ॲसेरोफॅगस ही मोहरीच्या दाण्याहूनही लहान गांधीलमाशी आणून, बंगळूर येथे वाढवून ठिकठिकाणी सोडण्यात आली, आणि तिने ती कीड आवरली.

उंबराचे फळ फोडले की आत बारीक काळे किडे वळवळताना दिसतात व मुले ते फेकून देतात. तेही गांधीलमाश्यांच्याच कुळातले होत. उंबराची फुले फळाच्या आत असतात, आणि त्या आतल्या फुलांपर्यंत पराग पोहोचविणारी ती चिमुकली माशी नसेल तर उंबरास बी धरत नाही. शाळेच्या आवारात अथवा देवळाजवळ उंबर असेल तर एक पिकते फळ कापून दाखवावे. या विषयाचा याहून सोपा धडा सापडणार नाही.

पोळे काढावयाचे की नाही, याचा निर्णय जागा पाहून करावा. वाटेपासून दूर, उंचावर असलेले कागदी गांधीलमाशीचे लहान पोळे पावसाळ्यानंतर पुष्कळदा आपोआप ओस पडते. ते राहू द्यावे. शाळेच्या दारावर, नळाजवळ अथवा मुलांच्या हाताच्या अंतरावर असेल तर मुलांस त्या वाटेने जाण्यास बंदी करून, जाणत्या माणसाकडून पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून ते रात्री काढवावे. मोठ्या गांधीलमाशीचे बंद पोळे व आग्या मोहोळ यांच्या वाटेस गावकऱ्यांनी स्वतः जाऊ नये. ग्रामपंचायतीमार्फत अग्निशमन दल अथवा वन विभाग यांचे साहाय्य मागावे. सातेरीची वसाहत भिंतीत सापडली तर ती जाळणे म्हणजे घरी आलेली गाय हाकलून देण्यासारखे आहे. प्रशिक्षित मधपाळ ती न मारता पेटीत भरून देऊ शकतो. पेट्या व प्रशिक्षण यांची चौकशी महाबळेश्वर येथील मध संचालनालयाकडे करावी. ते राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या अखत्यारीत आहे व त्याच्या प्रयत्नाने २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे राज्यातील पहिले ‘मधाचे गाव’ झाले. पुणे येथे १९६२ सालापासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तेथेही शिक्षणवर्ग चालतात. पेटी प्रथम घेताना एकाऐवजी दोन घ्याव्यात. एक वसाहत अशक्त झाली तर दुसरीतील पिलांची चौकट देऊन तिला सावरता येते. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, म्हणजे मुंग्या चढत नाहीत, आणि पेटीचे दार इतके अरुंद ठेवावे की सातेरी आत शिरेल पण मोठी गांधीलमाशी शिरणार नाही.